नाव कुणाला विचारून ठेवलं?



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, सर, सेलूचा आणि वास्को द गामाचा संबंध काय? इथं तर समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही. प्रश्न बरोबर आहे. म्हणून सुरुवात समुद्रापासून न करता आपल्याच गावाच्या नावापासून करू.

महाराष्ट्रात तालुक्याची म्हणून सेलू नावाची दोन गावं आहेत. एक आपलं, परभणी जिल्ह्यातलं. दुसरं वर्धा जिल्ह्यातलं. मराठीत दोन्ही नावं अगदी सारखी लिहितात. इंग्रजीत मात्र आपल्या सेलूच्या शेवटी एक 'यू' लावतात आणि वर्ध्याच्या सेलूच्या शेवटी दोन 'ओ'. आमच्या पिढीतल्या कित्येकांची पत्रं या गोंधळात तिकडे फिरून इकडे आलेली आहेत. उच्चार एक, गावं दोन, स्पेलिंगं दोन. हे कुणी ठरवलं? सेलूकरांनी नाही ठरवलं. कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी कानानं ऐकलं आणि आपल्या सवयीप्रमाणे उतरवलं. 'तुमच्या गावाचं नाव काय' एवढं त्यानं विचारलं असेल. 'असं लिहिलं तर चालेल का' हे काही विचारलं नसेल.

आजचा सगळा विषय या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत आहे. युरोपातले दर्यावर्दी पंधराव्या-सोळाव्या शतकात जिथं जिथं पोचले, तिथल्या भूमीला त्यांनी नावं दिली. कुठं नवी ठेवली, कुठं जुनी मोडून घेतली. आपण सहसा म्हणतो, की गोऱ्यांनी नावं बिघडवली. ते खरंच आहे, पण अर्धंच. कुठं त्यांनी साफ नवं नाव ठेवलं आणि कुठं जुनंच वेडंवाकडं घेतलं, यात एक हिशोब आहे. तो हिशोब आज आपल्याला लावायचा आहे.

वाटाड्या मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर

पहिलं उदाहरण कोलंबसचं. 12 ऑक्टोबर 1492 रोजी तो एका बेटावर उतरला. तिथले लोक त्या बेटाला 'ग्वानाहानी' म्हणत. हे आपल्याला कसं कळलं? कोलंबसानेच लिहून ठेवलं म्हणून. म्हणजे नाव नव्हतं असं नाही, ते त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. ते लिहून घेऊनसुद्धा त्यानं बेटाचं नाव ठेवलं 'सान साल्वादोर', म्हणजे पवित्र तारणहार. पुढच्या बेटाला कुमारी मेरीचं नाव, त्याच्या पुढच्याला राजा फर्नांदोवरून 'फर्नांदिना', मग राणीवरून 'इसाबेला', मग राजपुत्रावरून 'हुआना'. हा क्रम पाहा. आधी देव, मग देवाची आई, मग राजा, राणी, युवराज. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर कुलदैवतापासून सुरुवात करून मानानं नावं घालतात ना, तसाच प्रकार. ही यादी त्या बेटांबद्दल काहीही सांगत नाही. ती सांगते कोलंबसाचे मालक कोण होते ते. ती 'हुआना' म्हणजे आजचा क्यूबा. तिथं मात्र स्थानिक नावच शेवटी टिकलं, हेही लक्षात ठेवू.

दुसरं उदाहरण वास्को द गामाचं. इथं तो हिशोब जास्त स्पष्ट दिसतो. 8 जुलै 1497 ला तो लिस्बनहून निघाला. त्याच्या सफरीतल्या एका माणसानं लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातल्यावर नाताळच्या सुमारास एक किनारा लागला, त्याचं नाव 'नाताल'. आजही दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रांताच्या नावात ते आहे. पुढे जानेवारी 1498 मध्ये एका ठिकाणी लोक प्रेमानं वागले, तर त्याचं नाव 'भल्या लोकांची भूमी'. तिथल्या लोकांच्या अंगावर तांबं दिसलं, तर जवळच्या नदीचं नाव 'तांब्याची नदी'. आणखी वर गेल्यावर एका नदीकाठी पुढच्या मार्गाची आशा वाटावी अशा खुणा मिळाल्या, तर ती झाली 'शुभ चिन्हांची नदी'.

आता गंमत बघा. एप्रिल 1498 मध्ये तो मलिंदीला, म्हणजे आजच्या केनियाच्या किनाऱ्यावर पोचला. तिथल्या राजानं त्याला हिंदी महासागर माहीत असलेला एक वाटाड्या दिला. आणि इथून पुढे ठळक नवी नावं ठेवणं जवळजवळ थांबतं. मे महिन्यात तो जिथं पोचला त्याला तो म्हणतो 'कालेकुट'. म्हणजे कोळिकोड. मूळ मल्याळी नाव, अरब व्यापाऱ्यांनी त्याचं केलं 'कालिकूत', त्यांच्याकडून पोर्तुगिजांनी घेतलं, पुढे इंग्रजांनी. तीन तोंडांतून गेल्यावर नाव झिजलं, पण नवं कुणी ठेवलं नाही.

का? वास्को द गामाचा स्वभाव मलिंदीत बदलला का? तसं काही दिसत नाही. परिस्थिती बदलली. आता त्याच्या जहाजावर असा एक माणूस होता ज्याला प्रत्येक बंदराचं नाव माहीत होतं, आणि त्या माणसावाचून त्याचं एक पाऊल पुढे पडत नव्हतं. मिरी घ्यायची तर बाजार कुठं आहे हे विचारावं लागणार. विचारायचं तर बाजारात चालणारंच नाव घ्यावं लागणार. आपणच ठेवलेल्या नावानं कुणी आपल्याला रस्ता सांगत नाही.

कुणी म्हणेल, सर, हा योगायोग असेल. म्हणून तिसरं उदाहरण, आणि आमच्या मते सगळ्यात बोलकं. 1500 सालच्या मार्चमध्ये पेद्रो आल्वारिश काब्राल तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून भारताकडे निघाला. वाटेत पश्चिमेला बरंच लांब गेल्यामुळे 22 एप्रिलला त्याला एक अनोळखी भूमी दिसली. ईस्टर नुकताच झालेला. समोर जो डोंगर दिसला त्याचं नाव ठेवलं 'ईस्टरचा डोंगर', आणि भूमीचं नाव 'खऱ्या क्रूसाची भूमी'. तिथं माणसं होती. ती पोर्तुगिजांना भेटली, खाणाखुणांनी बोलली. त्यांची भाषा मात्र जहाजावर कुणालाच येत नव्हती. ही भूमी म्हणजे ब्राझील. तोच काब्राल, तीच सफर, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कोळिकोडला पोचतो, आणि तिथं तो कुठल्याही गावाला क्रूसाचं नाव देत नाही. पाच महिन्यांत माणूस बदलत नाही. बदलली ती समोरच्या लोकांवर असलेली त्याची गरज.

ब्राझीलच्या त्या नावाचं पुढे काय झालं, तेही ऐका. तिथं लाल रंग देणारं एक लाकूड सापडलं, त्याचा व्यापार वाढला, आणि त्या लाकडावरून लोक त्या भूमीला 'ब्राझील' म्हणू लागले. जुआंव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकारानं तक्रार केली, की कापड रंगवायच्या लाकडापायी लोक पवित्र क्रूसाचं नाव विसरले. राजानं नाव ठेवलं तरी बाजारानं बदललं. बाजाराच्या तोंडी जे बसतं ते टिकतं.

आपल्या किनाऱ्यावर

आता आपल्याकडे येऊ. पोर्तुगीज कोकणात आणि गोव्यात आले तेव्हा इथली बंदरं शतकानुशतकं जागती होती. चौल, दाभोळ, ठाणे, वसई ही नावं अरबस्तानापर्यंत माहीत. त्यामुळे इथं काब्रालसारखं बारसं करायला जागाच नव्हती. त्यांनी ऐकलं आणि आपल्या जिभेला झेपेल तसं लिहिलं. वसईचं झालं 'बासाईं'. त्यांच्या कानाला आपला 'व' आणि 'ब' जवळजवळ सारखे, आणि शब्दाच्या शेवटी नाकातला सूर काढायची त्यांना सवय. पुढे इंग्रजांनी त्याचं केलं 'बसीन'. याच इंग्रजांनी ब्रह्मदेशातल्या 'पथेइन' या शहरालाही 'बसीन' करून ठेवलं. दोन देशांतली दोन वेगळी नावं, एका स्पेलिंगमध्ये कोंबलेली. आपल्या दोन सेलूंच्या नेमकं उलट.

साष्टीचं बघा. ठाण्याच्या खालचं ते मोठं बेट. साष्टी म्हणजे सासष्ट, सहासष्ट गावांचा मुलूख. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं झालं 'साल्सेत', इंग्रजांचं 'साल्सेट'. गोव्यातही साष्टी आहे, तीही सहासष्टांवरूनच, तिलाही पोर्तुगिजांनी 'साल्सेत'च म्हटलं. शेजारचं बारदेस म्हणजे बारा देश. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या. मराठी-कोकणी माणसाला या नावांतली मोजणी ऐकू येते, महसुलाची आणि वस्तीची व्यवस्था ऐकू येते. 'साल्सेत' म्हटलं की मोजणी ऐकू येत नाही, नुसता आवाज उरतो. नाव गेलं नाही, पण त्यातला अर्थ गेला. नाव मोडून घेण्यातलं नुकसान ते हे.

आता मुंबई. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलं असेल, की पोर्तुगिजांनी सुंदर उपसागर पाहून त्याला 'बॉम बाहिया', म्हणजे 'चांगली खाडी' म्हटलं आणि त्यावरून 'बॉम्बे' झालं. ही गोष्ट इतकी गोड आहे की शिकलेले लोकही ती सांगतात. पण ती टिकत नाही. एक तर पोर्तुगीज भाषेत 'बाहिया' हा शब्द स्त्रीलिंगी. मराठीत आपण 'चांगला खाडी' म्हणू का? नाही. तसं पोर्तुगीज माणूस 'बॉम बाहिया' म्हणणार नाही, 'बोआ बाहिया' म्हणेल. आपल्याच भाषेत तो लिंगाची चूक करेल आणि तीच चूक शहराचं नाव होईल, हे पटत नाही. दुसरं, सुरुवातीच्या पोर्तुगीज लिखाणातच 'म' दिसतो. 1525 च्या नोंदीत 'मोंबाईन' असं रूप आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य, ज्याच्याकडे मुंबई बेटाचा मक्ता होता, त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यातही 'मोंबाईं'च आहे. म्हणजे त्यांनी 'मुंबई' ऐकलं आणि लिहिलं. मुंबादेवीचं नाव. 'म' चा 'ब' होत होत 'बोंबाईं' झालं, आणि 1661 च्या लग्नाच्या करारात बेट इंग्रजांच्या राजाकडे गेलं तेव्हा त्याचं 'बॉम्बे' झालं.

आम्ही यावर इतका वेळ का घालवतो? कारण 'बॉम बाहिया'ची गोष्ट आपण मान्य केली, तर आपण असं मान्य करतो की पोर्तुगीज आले तेव्हा त्या बेटाला नाव नव्हतं, त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि नाव दिलं. म्हणजे जी गोष्ट त्यांनी ब्राझीलला केली आणि इथं केली नाही, ती आपणच त्यांच्या पदरात टाकतो. ही चूक परक्यानं केलेली नाही. ती आपण हौसेनं सांगत आलो.

मग इथं त्यांनी नवं नाव ठेवलंच नाही का? ठेवलं. कुठं, ते पाहा. वास्को द गामानं परतीच्या वाटेवर, सप्टेंबर 1498 मध्ये, आज ज्याला आपण मलपे म्हणतो तिथल्या किनाऱ्यासमोरच्या खडकाळ बेटांवर दगडी खांब उभारला आणि त्याला सांता मारियाचं नाव दिलं. बेटं लहान, वस्ती नाही, बाजार नाही. तिथं कुणाला विचारायची गरज पडली नाही. ती आजही सेंट मेरी बेटं म्हणून ओळखली जातात. आणि दुसरं, मुंबईजवळची घारापुरी.

हत्ती गेला, नाव राहिलं

घारापुरीच्या धक्क्याजवळ दगडात कोरलेला एक मोठा हत्ती उभा होता. पोर्तुगिजांनी त्यावरून बेटालाच 'एलिफंटा' म्हटलं. लेणी पाहून नाव ठेवलं नाही, बोटीतून आधी जे दिसलं त्यावरून ठेवलं. समुद्रावरून येणाऱ्या माणसाची नजर अशीच असते. बेटावरच्या माणसाला घारापुरी असते, बोटीतल्या माणसाला हत्ती.

1864 मध्ये तो हत्ती विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला. उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत नेले आणि पुढे 1914 मध्ये जोडून उभे केले. आज तो हत्ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे एलिफंटावर एलिफंट नाही. तरी नाव आहे तसंच आहे.

इथं आम्हाला आमचा मूळ विषय, तत्त्वज्ञान, थोडा आणावा लागेल. घाबरू नका, थोडाच आहे.

आपल्या परंपरेत शब्दांचे प्रकार सांगितले आहेत. ज्याचा अर्थ त्याच्या अवयवांतून निघतो तो यौगिक. 'पाचक' म्हणजे शिजवणारा, जो शिजवील तो पाचक. ज्याचा अर्थ केवळ रूढीनं ठरतो तो रूढ. आणि दोन्ही मिळून असतो तो योगरूढ. याचं नेहमीचं उदाहरण 'पंकज'. चिखलात जन्मलेलं ते पंकज, हा झाला योग. पण चिखलात बेडूकही जन्मतो, त्याला कुणी पंकज म्हणत नाही, फक्त कमळालाच म्हणतात, ही झाली रूढी. आता 'एलिफंटा' हे नाव यौगिक म्हणून जन्मलं, हत्ती आहे म्हणून एलिफंटा. हत्ती गेला तेव्हा योग संपला, निव्वळ रूढी उरली.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानंही 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हेच म्हटलं आहे. डार्टमथ नावाचं गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून त्याचं ते नाव. उद्या नदीनं पात्र बदललं तरी गावाचं नाव बदलेलच असं नाही. मिलच्या मते विशेषनाम वस्तूचं वर्णन करत नाही, ते फक्त तिच्याकडे बोट दाखवतं.

1970 साली प्रिन्स्टनला सॉल क्रिपके या तरुण तत्त्वज्ञानं तीन व्याख्यानं दिली. हातात टिपणं न घेता दिली, आणि ती ध्वनिमुद्रणावरून उतरवून छापली गेली. आपली ही मालिकाही तशीच उतरवली जाते, म्हणून आम्हाला ती जवळची वाटतात. क्रिपके म्हणतो, की नाव आधी कुणीतरी ठेवतो, एक प्रकारचं बारसं होतं. मग ते नाव एका तोंडून दुसऱ्या तोंडी, साखळीसारखं जातं. मी 'मुंबई' म्हणतो तेव्हा माझं बोट मुंबईकडेच जातं, कारण माझ्या मागे त्या साखळीतल्या हजारो कड्या आहेत. मुंबईचं वर्णन मला येवो न येवो.

ही कल्पना फार चांगली आहे. पण दर्यावर्दींची गोष्ट वाचल्यावर आम्हाला एक शंका येते. क्रिपकेच्या मांडणीत बारसं एकदा होतं. इथं तर बारसं झालेल्या मुलाचं पुन्हा बारसं होतंय, आणि तेसुद्धा आईबापांना न विचारता. ग्वानाहानीची साखळी कोलंबसानं तोडली नाही, तोडताही आली नसती. त्यानं शेजारी एक नवी साखळी सुरू केली. मग जुनी साखळी संपली कशी? नाव उच्चारणारी माणसंच संपली. रोगराई, गुलामगिरी, कत्तल यांत त्या बेटांवरची वस्ती काही दशकांत जवळजवळ नाहीशी झाली. साखळी कागदावर तुटत नाही, ती तोंडात तुटते.

आणि म्हणूनच मुंबई टिकली. सरकारी कागदावर सव्वातीनशे वर्षं 'बॉम्बे' होतं. मराठी आणि गुजराती माणसांच्या तोंडून 'मुंबई' एक दिवस गेली नाही. 1995 मध्ये इंग्रजीतलं अधिकृत नाव बदललं तेव्हा 'मुंबईचं नामांतर' असा शब्द वापरला गेला. खरं पाहता मराठीत कसलंही नामांतर झालं नाही. कागद तोंडाशी येऊन मिळाला, एवढंच.

विचारलं होतं, तरी

एक शेवटचं उदाहरण देतो, कारण ते विचारणाऱ्यांचं आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन. दक्षिण टोकापासून मोजत मोजत तो वर आला आणि 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्या दुसऱ्या सेलूच्या जिल्ह्यातच. त्याच्यानंतर काम हाती घेतलं जॉर्ज एव्हरेस्टनं. या खात्याची शिस्त अशी होती, की प्रत्येक जागेचं स्थानिक नाव विचारून तेच नकाशावर घालायचं. ती शिस्त चांगलीच होती. तरी 1856 मध्ये एव्हरेस्टचा उत्तराधिकारी अँड्र्यू वॉ यानं जगातल्या सगळ्यात उंच शिखराला साहेबाचं नाव सुचवलं. कारण काय दिलं? की आमच्या वरिष्ठांनी आम्हाला स्थानिक नावच घालायला शिकवलं, पण या शिखराचं स्थानिक नाव आम्हाला सापडत नाही. तेव्हा नेपाळ परक्यांना बंद होता. पलीकडे तिबेटात लोक त्याला चोमोलुंगमा म्हणत होते. खुद्द जॉर्ज एव्हरेस्टनं हरकत घेतली, की माझं नाव इथल्या लोकांना लिहिता-उच्चारता येणार नाही. तरी 1865 मध्ये लंडनच्या भूगोल-संस्थेनं तेच पक्कं केलं.

इथं दुष्टपणा नव्हता, नियमही चांगला होता. पण 'आम्हाला सापडलं नाही' आणि 'नाव नाही' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते एका सहीनं पुसलं गेलं.

आपलं काय?

आता समुद्र आणि हिमालय सोडून परत शिवारात येऊ. तुमच्यातल्या शेतकरी मंडळींना विचारतो. तुमच्या शेताचं नाव काय? आम्ही लहान असताना प्रत्येक तुकड्याला नाव होतं. वडाचं, खारीचं, माळावरचं, पांढरीतलं, चिबडाचं. 'खारी' म्हटलं की पाण्याची चव कळायची. 'चिबड' म्हटलं की तिथं पाणी साचतं हे कळायचं, नवा मजूरही पावसाळ्यात बैल तिकडे घालत नसे. 'पांढरी' म्हटलं की इथं कधीकाळी वस्ती होती हे कळायचं. 'हाडोळा' म्हटलं की महारकीचं वतन आणि त्या वतनामागचं राबणं, दोन्हींचा इतिहास समोर यायचा. आज सातबाऱ्यावर गट नंबर आहे. मोजणीला, कर्जाला, खरेदीखताला तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण नातवाला शेत दाखवताना आपणही नंबरच सांगायला लागलो आहोत. आपल्या तालुक्यातून दुधना वाहते. निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्याखाली शिवारं गेली, तेव्हा जमिनीची मोजणी झाली, मोबदल्याचे हिशोब झाले. त्या तुकड्यांची नावं मात्र ज्यांच्या तोंडी होती ती माणसं जिथं गेली तिथंच गेली. इथं कुणी कोलंबस आला नव्हता.

म्हणून आमचं सांगणं असं, की नाव जुनं की नवं हा दुसरा प्रश्न. नाव ठेवताना, लिहिताना, पुसताना विचारलं कुणाला, हा पहिला. आणि ज्याला विचारायला हवं तो अजून आपल्या घरात, ओसरीवर बसलेला आहे. वहीची दोन पानं पुरतील.

इथं थांबतो. दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न : मग औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराबद्दल काय म्हणाल?

येणार होताच हा प्रश्न. बरोबर की चूक याचा निवाडा आम्ही देत नाही, पण दोन्हींची जात वेगळी आहे, हे पाहा. 2023 मध्ये दोन्ही नावं एकाच वेळी बदलली म्हणून आपण ती एकाच पिशवीत टाकतो. 'धाराशिव' हे जुनं नाव, लोकांच्या तोंडी आणि तिथल्या लेण्यांच्या नावात टिकलेलं. निजामाच्या नावावरून 'उस्मानाबाद' झालं तरी साखळी तुटली नव्हती. ते मुंबईसारखं. 'छत्रपती संभाजीनगर' हे गौरवाचं नाव. थोर पुरुषाच्या स्मरणार्थ ठेवलेलं. 'औरंगाबाद' हेही तसंच, राज्यकर्त्याच्या नावाचं होतं. देवगिरीचं दौलताबाद, अंबाजोगाईचं मोमिनाबाद, ही रीत आपल्याकडे युरोपियन येण्याच्या आधीपासून आणि नंतरही आहे. नाव ठेवण्याची हाव ही काही एका खंडाची मक्तेदारी नाही. आम्ही एवढंच म्हणू, की दोन्ही ठिकाणी तोच प्रश्न विचारा. तिथं राहणाऱ्यांना विचारलं होतं का, आणि कुणाकुणाला?

प्रश्न : सर, तुम्ही जुनी नावं जपा म्हणता. पण आमच्या वस्तीचं जुनं नाव आमच्या जातीवरून होतं. ते आम्ही का जपावं?

जपू नये. हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं, नाहीतर आमचं आजचं बोलणं अर्धवट राहिलं असतं. ते नाव तुम्ही ठेवलं नव्हतं. गावानं, गावाच्या मधोमध उभं राहून, तुमच्या वस्तीकडे बोट दाखवून ठेवलं होतं. बोटीतल्या माणसाला जसा हत्ती दिसला, तशी गावाला तुमची फक्त जात दिसली. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो याच कारणानं योग्य आहे. मघाशी आम्ही 'हाडोळा' या नावाचं उदाहरण दिलं. तो इतिहास वहीत लिहून ठेवावा, विसरू नये. पण कुणाच्या दारावरची पाटी म्हणून तो टांगून ठेवायचा अधिकार आम्हाला नाही.

फक्त एक करा. नवं नाव ठरेल तेव्हा ते ग्रामपंचायतीच्या खुर्चीतून ठरू देऊ नका. वस्तीतल्या लोकांनी बसून ठरवा, बायकांनाही विचारा, आणि इंग्रजीत कसं लिहायचं तेही तुम्हीच सांगा. नाहीतर पुन्हा कुणी कानानं ऐकून लिहील, आणि तुमची पत्रं वर्ध्याला जातील.